कार्डाची मागची बाजू

अप्पा,

गेल्या आठवड्यात मी पुन्हा खोटं बोलले, आणि तेही नववीतल्या एका पोरीशी. इथं लातूरमधल्या मुलींच्या एका शाळेत माझ्या संग्रहाचं प्रदर्शन चालू आहे. संग्रह कसला म्हणाल तर जेवणाच्या कार्डांचा. जुन्या आगगाड्यांच्या डायनिंग कारमध्ये आणि समुद्रावरच्या मोठमोठ्या प्रवासी बोटींवर जेवायला बसलेल्या माणसापुढे पदार्थांची छापील यादी ठेवत, ती कार्डं. चारेकशे झाली असतील. निवृत्त बाईला काहीतरी विरंगुळा हवा म्हणून लोक कौतुक करतात. मी पोरींना सांगत होते की कार्ड हातात आलं की आधी उलटून बघायचं. पुढच्या बाजूला नुसती आचाऱ्याची फुशारकी असते, खरी मजा मागं. बोट किनाऱ्याला लागायच्या आदल्या जेवणाला एका टेबलावरची माणसं एकमेकांच्या कार्डांमागं सह्या करायची, कुणी पत्ता लिहायचं, कुणी कंटाळून समोरच्या साहेबाच्या टकलाचं चित्र काढायचं. पोरी हसत होत्या. तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोरगी अल्बमच्या पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, मग ह्याच्या मागं काय हाय? हे तर चिकटवून टाकलंय." मी म्हणाले, "काही नाही गं, कोरं आहे ते."

ते कोरं नाही हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुम्हाला तर ती बाजू तोंडपाठ होती. म्हणून आज दुपारी दार लावून घेऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्या जातानाच्या वयापेक्षा जास्त आहे, तरी "अप्पा" एवढं लिहून पंधरा मिनिटं नुसती बसून होते.

दुष्काळाच्या सालापासून सांगते. नांदेडला स्टेशनामागच्या त्या दोन खोल्यांत आपण चौघं राहत होतो. तुम्ही मनमाड-काचीगुडा गाडीच्या डायनिंग कारमध्ये वाढपी होता. त्या डब्यात दोन चुली, दोन आचारी, दोन वाढपी. एक बाजू मटणा-अंड्यांची, दुसरी शाकाहारी, आणि तुम्ही शाकाहारी बाजूचे. गळ्यात इष्टलिंगाचा शिवदारा घालणाऱ्या माणसानं असल्या डब्यात काम करावं हेच आपल्या लोकांना पटत नव्हतं. त्यांना तुम्ही एकच सांगायचात, "मी शाकाहारी बाजूला हाय. तिकडच्या ताटाला माझा हात लागत न्हाई." गोदावरीत तेव्हा नुसती वाळू होती. वाळूत झिरे उकरून आई आणि मी वाटीवाटीनं घागर भरत होतो, आणि रेशनवर ज्वारीच्या जागी परदेशातनं आलेली लाल मिलो मिळत होती. तिची भाकर थापताना फुटायची, तव्यावर तडकायची आणि घशात अडकून बसायची. धाकटा पाच वर्षांचा होता. तो भाकर बघूनच रडायला लागायचा.

तुम्ही गाडीवरून परत आलात की घराचा सगळा चेहराच बदलायचा. दारातच हातपाय धुवून, खांद्यावर पंचा टाकून, कमरेत वाकून तुम्ही आमच्यापुढं उभे राहता. हातात डायनिंग कारचं ते जाड पिवळसर कार्ड. "बोला बाईसाहेब, आज काय आणू?" आणि मग एकेक ओळीवर बोट फिरवत वाचता, "पुरी. बटाट्याची भाजी. वरण. साधा भात. दही. पापड. गोडाला शिरा." धाकटा डोळे पुसत म्हणतो, "मला दोन शिरे." तुम्ही चुलीकडं तोंड करून ओरडता, "दोन शिरे, एक नंबर टेबल!" आणि आई हसू दाबत त्याच्या ताटात मिलोच्या भाकरीचे दोन तुकडे टाकते. तो खातो. मीही खाते. पुरी म्हणून खाल्लेली ती भाकर मला अजून आठवते, पण त्यानंतर खाल्लेल्या खऱ्या पुऱ्यांपैकी एकही आठवत नाही. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. निजामाच्या वेळच्या शाळेत तुम्ही उर्दू शिकला होतात. रोज ताटं नेऊन नेऊन कुठल्या ओळीला काय हे तुम्हाला पाठ झालं होतं, एवढंच.

मला मात्र इंग्रजी येत होतं. नववीत होते, वर्गात पहिली होते, आणि त्याचा माज दोन्ही वेण्यांना रिबिनीसारखा बांधून हिंडत होते. एके दिवशी तुम्ही असंच कार्ड तोंडापुढं धरून वाचत होता आणि माझ्याकडं असलेली बाजू मी मनात वाचली. मटण कटलेट. ऑम्लेट. कोंबडीचा रस्सा. तुम्ही म्हणत होता "पुरी", आणि माझ्या समोर छापलेलं होतं मटण. लिंगायताच्या घरात हा शब्दसुद्धा आम्ही मोठ्यानं उच्चारत नव्हतो. कार्ड दोन्हीकडून छापलेलं असेल आणि मला दिसते ती पुढची बाजू, तुम्ही वाचता ती मागची, एवढी साधी गोष्ट त्या पहिल्या नंबरवालीच्या डोक्यात आली नाही. मी ठरवून टाकलं, अप्पा आपल्याला फसवतात. कुणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून तुमच्या कमरेत वाकण्याचं मला हसू यायचं बंद झालं.

मग ती दुपार. आपल्या घराण्याचे जंगम स्वामी उदगीरहून आले होते, काका-काकू आले होते, घरात पाद्यपूजा होती. पाहुण्यांसाठी आईनं कुठून तरी पायलीभर ज्वारी मिळवली होती. आम्हा पोरांना आधी मिलोच खायला घालून मोकळं केलं. मी अर्धी भाकर ताटाच्या कडेखाली सरकवली आणि उठले. तुम्ही बघितलंत. आपल्यात ताटात काही सोडत नाहीत. अन्न म्हणजे प्रसाद, आणि शेवटी ताट पाण्यानं धुवून ते पाणीसुद्धा पितात. हे मला शिकवायची गरज नव्हती. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "अक्का, ताट उचलायचं न्हाई. आधी ती भाकर खा." सगळे बघायला लागले. मी बसले, ती खाल्ली, ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते लालसर पाणी प्यायले. काकू हसून म्हणाली, "शिकल्याली पोरगी हाय बाई, तिला मिलो कशी उतरंल!" मी उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा गाडीत मटण वाढतात. कार्डावर लिहिलंय."

स्वामी चिडले नाहीत, ते शांत माणूस. ते म्हणाले, "आण बघू ते कार्ड. वाच." मी आतल्या खोलीत गेले. फडताळावरून कार्ड उचललं. आतून बाहेर यायला किती वेळ लागतो, सात-आठ पावलं. त्या सात-आठ पावलांत, अप्पा, मी कार्ड उलटून बघितलं. मागं वर ठळक अक्षरांत छापलं होतं: शाकाहारी. आणि खाली तुमच्याच क्रमानं, तुमच्या एकेका ओळीनं, पुरी, बटाट्याची भाजी, वरण, भात, दही, पापड, शिरा. सगळ्यात शेवटी, ही ताटं वेगळ्या चुलीवर, वेगळ्या माणसाकडून वाढली जातात, असंही लिहिलं होतं. मला सगळं समजलं. नववीतल्या पोरीला जेवढं समजतं तेवढं नाही, सगळं समजलं. पण बाहेर सगळे माझी वाट बघत होते. आत्ताच मला ताटातलं पाणी प्यायला लागलं होतं, आणि आता "चुकलं माझं" असं म्हणायला लागणार होतं. मी कार्ड परत सरळ केलं, बाहेर आले आणि पुढची बाजू वाचली. खणखणीत आवाजात, शाळेत धडा वाचतात तशी. वाचून झाल्यावर प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थही सांगितला.

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, कार्डाकडं बघत होता. मी पुढची बाजू माझ्याकडं धरली होती, म्हणजे मागची तुमच्याकडं होती. तुमची पाठ असलेली ती यादी अगदी तुमच्या समोर. काका म्हणाले, "आता बोल की. खरं हाय का हे?" तुम्ही "उलट कर ते" एवढं म्हणाला असतात तरी पुरं होतं. तुम्ही म्हणालात, "पोरगी वाचायली. लई चांगलं वाचायली."

स्वामी म्हणाले, "पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं. पुन्हा दीक्षा घ्या, मिटून जाईल." तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "स्वामी, जे सुटलंच न्हाई ते पुन्हा काय बांधायचं?" काकांना हा उद्धटपणा वाटला. स्वामी पाण्याचा घोट न घेता उठायला लागले. तेव्हा तुम्ही फडताळातली निळ्या काठाची तामचिनीची ताटली काढलीत आणि म्हणालात, "तुम्ही उपाशी जाऊ नका. मी बाहेर बसतो." आपल्यात ताट अडणीवर, त्या छोट्या तिवईवर, ठेवून जेवतात. तुमची अडणी आतच राहिली. तुम्ही ताटली घेऊन पायरीवर गेलात.

त्या एका जेवणापुरतं होतं ते. पण पुढं कित्येक दिवस तुम्हाला आत या असं कुणी म्हटलं नाही, आणि तुम्ही आपणहून आला नाहीत. पाद्यपूजा पुढच्या वर्षीपासून काकांच्या घरी व्हायला लागली. एकदा पाऊस बरा झाल्यावर आई म्हणाली, "आता या की आत." तुम्ही म्हणालात, "राहू दे. सवय झाली." कार्ड वाचून दाखवणंही बंद झालं. धाकट्यानं एकदा "दोन शिरे" म्हणून ओरडून बघितलं, तर तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि बाहेर गेलात. मी अभ्यास करत होते. मी त्या वर्षी पण पहिली आले.

तुम्ही मला खोटं का पाडलं नाहीत याचा मी किती विचार केला असेल. आधी वाटायचं, तुम्हाला कार्डाचं लक्षात आलं नसेल. मग वाटायचं, तुम्ही रागावून गप्प बसलात. आता या वयात वाटतं की तुमच्या डोळ्यांपुढं मी नुकतंच लाल पाणी प्यायले होते आणि एका दुपारी पोरीला दोनदा खाली बघायला लावायचं तुमच्या जिवावर आलं. हे मला वाटतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मला विचारायची लाज वाटली. ती लाज अजून आहे. लाज कमी होत नाही, तिला नुसतं वागवायला जमायला लागतं.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि मला नव्या कचेरीत टंकलेखिकेची नोकरी लागली, तोवर तुम्ही पेन्शनीत निघून आईला घेऊन उदगीरला आला होता. उस्मानाबादहून लाल फडक्यात बांधलेली दप्तरं ट्रकनं येऊन पडत होती, बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, पाटीवरच्या "जिल्हा" या अक्षरांचा रंग बोटाला लागत होता. तुम्ही एसटीनं आलात. धोतर, काळी टोपी, एका हातात आईनं दिलेले धपाटे आणि दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. दुपारच्या सुट्टीत मी म्हणाले, "अप्पा, आत टेबलावर बसा." तुम्ही पिशवीतून तीच ताटली काढलीत आणि बाहेर लिंबाखालच्या पायरीवर बसलात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "वडील बाहेर का बसले?" मी म्हणाले, "त्यांना मोकळ्यावर आवडतं." किती सहज म्हणाले मी.

जेवून, ताटली धुवून, पाणी पिऊन तुम्ही पुडकं माझ्यापुढं ठेवलंत. "गाडीत लोक टाकून जायचे. मी फेकली न्हाईत. तुला वाचता येतं, तुझ्यापाशी असू दे." सुतळी सोडली तर आत कार्डं. आपल्या गाडीची, इतर गाड्यांची, आणि एक तर बोटीचं, मुंबईला उतरून आलेला कुणी प्रवासी चहाच्या डागासकट टेबलावर विसरून गेला होता ते. तुम्ही वाचता न येणारी कार्डं वीस-बावीस वर्षं जपलीत, अप्पा. सगळ्यात वर ते होतं. तेच, कोपऱ्याला माझ्या हळदीच्या बोटाचा ठसा असलेलं. तुम्ही ते उलटं ठेवलं होतं, मागची बाजू वर. मी बघितलं हे तुम्ही बघितलंत. तुम्ही कडेनं गठ्ठा सारखा केलात आणि म्हणालात, "चार वाजताची गाडी हाय." मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले. रस्ताभर मी कचेरीतल्या खुर्च्यांबद्दल बोलत होते.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या कार्डांपासून माझा संग्रह सुरू झाला हे मी सगळ्यांना सांगते, त्यात खोटं काही नाही. मग हैदराबादच्या फुटपाथवर, रद्दीच्या दुकानांत, ओळखीच्या-अनोळखी लोकांना पत्रं लिहून मी कार्डं जमवत गेले. या छंदातला पहिला नियम असा की कार्ड कधी चिकटवायचं नाही. कागदाचे कोपरे करून त्यात बसवायचं, म्हणजे काढून उलटता येतं. चारशे कार्डांत मी एकच चिकटवलं आहे. तुमचं बाराव्याचं झालं त्याच आठवड्यात, कचेरीतल्या डिंकाच्या बाटलीनं, पुढची बाजू वर करून.

आई शेवटी आजारी होती तेव्हा एका सकाळी मला म्हणाली, "अक्का, तुझ्या अप्पानं खरंच वाढलं आसंल का गं मटण?" मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "पड आता, बोलू नको." तो संशय मनात घेऊनच ती गेली.

धाकटा आता उदगीरला राहतो, आजोबा झाला. दर वर्षी तुमच्या तिथीला तो पहिलं ताट तुमचं वाढतो, पुरी, बटाट्याची भाजी, शिरा दोन वेळा. तुमच्याच त्या ताटलीत वाढतो आणि ती नेऊन ओट्यावर ठेवतो. खाली अडणी नाही. गेल्या साली त्याच्या नव्या सुनेनं विचारलं, "मामा, आत देवापाशी का नाही ठेवत?" तो म्हणाला, "अप्पा बाहेरच बसायचे." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. दर वर्षी मीच तांब्या धरते.

आज सकाळी शाळेतून अल्बम घरी आणला. त्या पोरीला मी कोरं म्हणाले ते काही केल्या डोक्यातून जाईना. वाटत होतं, कार्ड ओढलं तर फाटेल. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की आता काढता येणार नाही, काढायला गेलं तर सगळंच जाईल. नुसतं नख लावलं आणि ते सुटलं. डिंक कधीचाच वाळून पापुद्रा झाला होता. मागची ओळन् ओळ जशीच्या तशी आहे. मी तुमच्यासारखं कमरेत वाकून मोठ्यानं वाचली, पुरीपासून शिऱ्यापर्यंत, आणि मग टेबलाशी बसून रडले.

येत्या सोमवारी तुमची तिथी आहे. हे पत्र खरं म्हणजे धाकट्याला लिहायला हवं. उदगीर काही लांब नाही, फोन तर इथं हाताशीच पडला आहे. तुम्हाला लिहिलं, कारण त्या दुपारी तुम्ही काही बोलला नाहीत, आणि आताही बोलणार नाहीत.